तीन आडनावांची बाई आणि फॅमिलीसर्चचा रिकामा रकाना

आधी निकाल सांगून टाकते, कारण परीक्षण वाचताना मीही आधी तारेच मोजते. जुन्या नोंदींतून पूर्वज शोधायच्या संकेतस्थळांचे हे परीक्षण. त्यातल्या फॅमिलीसर्चला पाचपैकी चार. कबरींच्या नोंदी ठेवणाऱ्या फाइंड अ ग्रेव्हला तीन, पण मनापासून दिलेले. आणि पैसे घेणारी जी एक सेवा मी महिनाभर वापरली, तिला एक. तिचे नाव घेत नाही, भांडायला आता वेळ नाही.

मी मुद्रितशोधक. चौतीस वर्षे इतरांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरले. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना काम राहिले नाही, म्हणून पायांना लावले. घराजवळ जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. माझे तिथे कोणी नाही. सावली आहे आणि वाहने नाहीत, म्हणून रोज सकाळी फिरायला जाते. फिरता फिरता दगड वाचायची सवय लागली आणि वाचता वाचता चुका दिसायला लागल्या. एका दगडावर तर एकतीस जून आहे.

मात्र ज्या दगडाने मला नऊ महिने कामाला लावले त्यावर चुकीमुळे थांबले नव्हते. चार ओळी होत्या. पहिलीत बाईचे नुसते नाव. दुसरीत ‘अमक्याची प्रिय पत्नी’, आणि त्या अमक्याचे नाव आडनावासकट, तिच्या नावापेक्षा ठसठशीत. तिसरीत मृत्यू, ९ मार्च १८९४. चौथीत वय : ३८ वर्षे, ७ महिने, २१ दिवस.

मी अडकले ते त्या २१ दिवसांपाशी. बाईचे स्वतःचे आडनाव कोरायला जागा नव्हती, पण तिचे दिवस कोणीतरी बसून मोजले होते.

ही कोणी प्रसिद्ध बाई नाही. तिच्या नावाने दवाखाना नाही, रस्ता नाही. तिचे नाव मी इथेही लिहिणार नाही. तिची पणतवंडे कुठेतरी असतील, आणि त्यांना न विचारता त्यांची पणजी मी चव्हाट्यावर का मांडावी? तिच्यामागे जाताना कोणती सेवा कशी उपयोगी पडली, एवढेच सांगते.

दगड वाचण्याबद्दल थोडे, कारण इथेच लोक नासधूस करतात. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू घासू नका, दाढीचा फेस फासू नका, तारेचा ब्रश तर हातातही घेऊ नका. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात, फेसातली रसायने आत मुरतात, आणि तार संगमरवराचा वरचा थरच खरवडून काढते. एक आरसा घेऊन जा. दगडावर बाजूने, अगदी तिरपा उजेड पाडला की बुजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ओळ आपोआप वाचता येते. आमच्या न्हाणीघरातला हातआरसा या कामी नऊ महिने घराबाहेर होता. यांना दाढी करताना तो सापडत नसे.

आता जन्मतारीख. वंशावळीच्या नादी लागलेल्या लोकांत ८८७० नावाची एक युक्ती चालते. मृत्यूचा दिनांक वर्ष-महिना-दिवस असा सलग आकड्यांत लिहायचा : १८९४०३०९. त्यातून वय तसेच सलग लिहून वजा करायचे : ३८०७२१. उरलेल्यातून ८८७० वजा केले की जन्मतारीख. माझे उत्तर आले १८५५०७१८, म्हणजे १८ जुलै १८५५. ही युक्ती दिवस आणि महिने दोन्हींत हातचा उसना घ्यावा लागत असेल तेव्हाच लागू पडते, शिवाय प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरते. दिनदर्शिका समोर ठेवून मी मागे मोजत गेले तेव्हा १९ जुलै आला. मग जन्मापासून पुढे मोजत येऊन पाहिले, तर १६ जुलैला जन्मलेल्या बाईचेच वय ९ मार्चला बरोबर ३८ वर्षे, ७ महिने, २१ दिवस भरते, कारण मध्ये २८ दिवसांचा फेब्रुवारी येतो. एकाच दगडातून तीन तारखा निघाल्या. तिन्ही वहीत लिहून ठेवल्या. या वहीला घरात ‘बाईची वही’ म्हणायला लागले.

सुरुवात मी चुकीच्या ठिकाणाहून केली. जाहिरात पाहिली, नाव टाका आणि पूर्वज मिळवा. महिनाभर फुकट होते. नाव टाकले आणि दहा मिनिटांत माझ्या बाईचा अख्खा वंशवृक्ष हजर! आईवडील, सहा भावंडे, आठ मुले. फोटोसुद्धा. मी हरखलेच. मग सवयीने तारखा तपासायला घेतल्या. तिचा धाकटा मुलगा १८९६ सालचा होता. मेल्यावर दोन वर्षांनी बाई बाळंत झाली होती. त्याच नावाची कुठली तरी दुसरीच बाई कोणी उत्साहाने हिच्यावर चिकटवली होती, आणि ते झाड आणखी चौदा जणांनी जसेच्या तसे उतरवून घेतले होते. छापखान्यात एका पानावरची चूक फार तर एका आवृत्तीत राहायची. इथे ती पंधरा घरांत वंशपरंपरा होऊन बसली आहे. तक्रार केली तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले आणि त्याच आठवड्यात वर्षाची वर्गणी खात्यातून परस्पर कापली गेली. ती परत मिळवायला अकरा पत्रे लिहावी लागली.

तेव्हा फॅमिलीसर्चकडे वळले. हे पूर्ण मोफत आहे, फक्त खाते उघडावे लागते. मोफत म्हटल्यावर मी आधी विचारते, का? तर याच्या मागे अमेरिकेतील ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हा संप्रदाय आहे. मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याचा विधी त्यांच्यात आहे, आणि त्यासाठी पूर्वज कोण हे कळावे लागते. म्हणून १८९४ साली त्यांनी तिथल्या युटा राज्यात वंशावळ संस्था काढली. माझी बाई गेली तेच वर्ष! १९३८ पासून ते जगभरच्या दप्तरांची सूक्ष्मचित्रफीत (मायक्रोफिल्म) काढत आले. त्या फिती सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवल्या आहेत. २०१७ पर्यंत फीत हवी तर मागवून त्यांच्या केंद्रात जाऊन बघावी लागे. २०२१ साली २४ लाखांच्या आसपास फितींचे डिजिटल रूपांतर पुरे झाले. हा धार्मिक हेतू काहींना खुपतो, आणि नाझी नरसंहारात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे या विधीत येऊ नयेत म्हणून १९९५ साली ज्यू संघटनांशी करारही करावा लागला होता. माहिती असलेली बरी. मला खुपले नाही, पण वापरणाऱ्याने डोळे उघडे ठेवून वापरावे.

आता बायका शोधण्याची अडचण. शोधाचे सगळे यंत्र आडनावावर चालते. पुरुष जन्मापासून मरेपर्यंत एका आडनावाने सापडत राहतो. बाई लग्नापाशी गायब होते आणि दुसऱ्याच नावाने उगवते. माझी बाई तर, पुढे कळले तसे, तीन आडनावांची निघाली. म्हणून या सेवेचे मला सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य अगदी साधे आहे. आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नुसते नाव, नवऱ्याचे पूर्ण नाव आणि पाच-दहा वर्षांचा टप्पा टाकायचा. किंवा तिचेही नाव न टाकता फक्त आईबापांच्या रकान्यांत दोघांची नावे टाकायची, की त्या जोडप्याची मुले बाहेर येतात. स्पेलिंगची खात्री नसेल तर एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी तारांकन टाकता येते. जुन्या वळणदार हस्ताक्षरात रोमन एस आणि एल ओळखणे म्हणजे जुळ्या भावांना पाठमोरे ओळखण्यासारखे. तेव्हा पहिले अक्षरच प्रश्नचिन्ह करून पाहा, असे मी सांगेन.

या रिकाम्या रकान्याने पहिल्या आठवड्यात १८९४ चे दफन दिले, १८८४ आणि १८८७ मधली दोन मुले दिली, आणि १८८२ चे लग्न दिले. लग्नाच्या नोंदीत वधूचे आडनाव होते. मिळाले माहेर, असे म्हणून मी त्या दिवशी लवकर झोपले.

पुढचे सात आठवडे फुकट गेले, आणि हा दोष फक्त माझा. त्या आडनावाच्या घरात १८५५ सालची तिच्या नावाची मुलगी कुठेही नव्हती. एक वर्ष अलीकडे, दोन वर्षे पलीकडे, शेजारच्या तीन पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दींत, कुठेही नाही. शेवटी कंटाळून मूळ पानाचे चित्र उघडले. मी तोवर फक्त सूची, म्हणजे पानावरून कोणी रकान्यांत उतरवून घेतलेली माहिती, वाचत होते, पान नाही. आयुष्यभर नवशिक्यांना बजावले की मूळ प्रतीशी ताडून बघा, आणि स्वतः तेच केले नाही! पानावर तिच्या नावापुढे बारीक अक्षरात एक शब्द होता : विधवा. आडनाव माहेरचे नव्हतेच, ते पहिल्या नवऱ्याचे होते. सूची करणाऱ्याने तो शब्द घेतला नव्हता, कारण सूचीत त्याला रकानाच नव्हता. सूची ही वाट दाखवणारी पाटी आहे, गाव नव्हे. चित्र उपलब्ध असेल तर ते उघडल्याशिवाय वहीत काहीही लिहू नका.

त्या पानावर आणखी दोन गोष्टी होत्या. व्यवसायाच्या रकान्यात तिच्यापुढे ‘शिवणकाम’. आणि साक्षीदारांत एका बाईची सही, चांगली घोटीव.

आता पहिले लग्न शोधायचे होते. पहिल्या नवऱ्याचे आडनाव हातात, त्याचे नाव माहीत नाही, आणि बाईचे नाव त्या काळी दर चौथ्या घरात. तीन लग्ने लागू पडणारी निघाली. या वेळी शहाणी झाले होते. तिन्ही पाने उघडली. १८७४ च्या पानावर साक्षीदार म्हणून तीच घोटीव सही. या पद्धतीला वंशावळवाले ‘फॅन’ म्हणतात : फ्रेंड्स, असोशिएट्स, नेबर्स. माणूस सापडत नसेल तर त्याच्या भोवतीची माणसे शोधा. बायकांच्या बाबतीत तर मला वाटते हीच मुख्य पद्धत असावी आणि आडनाव ही जोडपद्धत.

१८७४ च्या पानावर माहेरचे आडनाव मिळाले, वडिलांचे नाव मिळाले. त्यावरून १८५५ चा बाप्तिस्मा दोन मिनिटांत. जन्म १६ जुलै. म्हणजे दगडासाठी ज्याने वय काढले त्याने जन्मापासून पुढे मोजले होते, जसे आई मोजते तसे. घोटीव सहीवाली बाई तिची थोरली बहीण निघाली, त्याच आईबापांची, चार वर्षांनी मोठी.

आणि सह्या. १८७४ साली, एकोणीस वर्षांची असताना, माझ्या बाईने सहीच्या जागी फुली मारली आहे. शेजारी कारकुनाने ‘हिची खूण’ असे लिहिले आहे. १८८२ साली तिने सही केली आहे. वेडीवाकडी, उतरती, शेवटच्या अक्षराला जागा अपुरी पडलेली, पण अख्खे नाव. फुली मारणारी प्रत्येक व्यक्ती निरक्षर असते असे नाही, हे मलाही माहीत आहे. कधी कारकुनाची घाई, कधी आजारपण, कधी अडाणी नवऱ्यापुढे सही करायचा संकोच. पण ती दुसरी सही मी शेकडो हस्तलिखिते वाचलेल्या डोळ्यांनी पाहिली. नवशिक्या हाताची आहे. मधल्या आठ वर्षांत ती विधवा झाली, एक मूल झाले, आणि ती नाव लिहायला शिकली. ते मूल बाप गेल्यावरचे. १८७९ च्या बाप्तिस्म्यात बापाच्या नावापुढे ‘मृत’ असे लिहिले आहे, त्यावरूनच तो साधारण कधी गेला हे कळते.

इथवर सूचीतून सात नोंदी झाल्या : एक तिचा बाप्तिस्मा, दोन लग्ने, तीन मुले, एक दफन. बहुतेक लोक इथे थांबतात, कारण वंशवृक्षाच्या चौकटी भरतात. पण वाचून पाहा, यात ती कुणाची तरी मुलगी आहे, बायको आहे, आई आहे. ती स्वतः कशी होती, याचा पत्ता नाही.

फॅमिलीसर्चचा चौथा तारा त्यापुढच्या कामासाठी आहे. सूची न झालेली पाने तिथे नुसती चित्रे म्हणून चाळता येतात. गावाच्या नावाने कॅटलॉगमध्ये जायचे, फीत उघडायची आणि पान-पान उलटत बसायचे. एका फितीत कधी तीन-तीन वह्या सलग असतात, त्यामुळे दुसऱ्या वहीत आहोत हे कळायला वेळ लागतो. वर्ष गाठायला मध्यभागी उडी मारायची, साल बघायचे, मग उरलेल्याचा अर्धा, शब्दकोशात शब्द शोधतो तसे. मी १८७२ ते १८९४ मधले सगळे बाप्तिस्मे वाचून काढले. अडीच महिने लागले. कारण बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातेचे, म्हणजे त्या विधीत बाळाची मानलेली आई होणारीचे, नाव असते, आणि धर्ममातेला सूचीत बहुधा कोणी घेत नाही.

अकरा वेळा सापडली. अकरा लेकरांची धर्ममाता. पहिले १८७६ चे, शेवटचे नोव्हेंबर १८९३ चे, म्हणजे जाण्याआधी चार महिने. त्यातली चार तर ती विधवा असतानाच्या वर्षांतली. त्या काळात हाती पैसा नाही, पदरात लहान मूल, आणि तरी चार घरांनी आपल्या बाळासाठी हिलाच बोलावले होते. एका बाळाचे नावही हिचेच ठेवले आहे. ज्या दिवशी ते पान सापडले त्या दिवशी यांनी दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

हे काम यंत्राने होईल का? २०२४ साली त्यांनी हस्ताक्षर वाचणारा पूर्ण-मजकूर शोध प्रयोग म्हणून खुला केला. सुरुवात अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि मृत्युपत्रांच्या कागदांपासून आणि मेक्सिकोतल्या नोटरींच्या दप्तरापासून झाली. रकान्याबाहेरचा माणूस, साक्षीदार, जामीन, शेजारी, यातून सापडतो. म्हणजे बायकांसाठी हा मोठा दरवाजा आहे. माझ्या वहीला अजून तो लागू नव्हता, म्हणून डोळे वापरले.

पाचवा तारा का नाही? दोन कारणे. काही फितींवर कुलूप आहे. मूळ दप्तर ज्यांच्या मालकीचे त्यांच्याशी झालेल्या करारानुसार ती चित्रे घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच बसून पाहावी लागतात. करार आहे म्हणून ती फीत निघाली तरी, हे खरे. पण घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना हे अवघड आहे. दुसरे म्हणजे त्यांचा वंशवृक्ष जगाचा मिळून एकच आहे आणि कोणीही त्यात फेरफार करू शकतो. ही रचना काहींना उदार वाटते. मी तिथे एक अक्षरही भरले नाही. माझी बाई वहीतच बरी.

फाइंड अ ग्रेव्हबद्दल. जिम टिप्टन नावाच्या माणसाने प्रसिद्ध लोकांच्या कबरी बघण्याच्या छंदातून १९९५ साली हे सुरू केले, आणि २०१३ साली अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या धंद्यातल्या कंपनीने विकत घेतले. वापर मोफत आहे आणि बहुतेक माल स्वयंसेवकांनी भरलेला. दूरच्या दफनभूमीतल्या दगडाचा फोटो हवा असेल तर विनंती नोंदवता येते, जवळचा कोणी स्वयंसेवक जाऊन काढून देतो. हे मला फार आवडले, आणि आता मीही अशा विनंत्या घेते, आरसा घेऊन जाते. तिथे आभासी फुले वाहण्याचीही सोय आहे. मला त्याचे काही वाटत नाही, पण कोणाला वाटत असेल. तीनच तारे एवढ्यासाठी, की ही जागा दगडावर जे आहे ते सांगते, आणि दगडाने माझ्या बाईबद्दल चारच ओळी सांगितल्या होत्या. फोटो नसलेल्या नोंदीवर तर विसंबूच नका. दफनभूमीचा नकाशा हवा असेल तर बिलियनग्रेव्ह्जचे अ‍ॅप बघा. ते फोटोबरोबर दगडाचे नेमके ठिकाणही टिपते.

तिची नोंद तिथे नव्हती. मीच केली. माहेरच्या आडनावाला वेगळा रकाना आहे, तो भरताना बरे वाटले. पहिल्या नवऱ्याचे दफन अजून सापडलेले नाही. तो गेला असेल त्या सुमाराच्या तीन वर्षांची दफनाची वही कुलपातली आहे, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात केंद्रात जाणार आहे.

नावापाशी मात्र दोन दिवस अडले. दगडावर तिच्या नावात एक अक्षर जास्त आहे. दफनाच्या वहीत कारकुनाने तिसरेच स्पेलिंग केले आहे. नियम म्हणून दगडावरचेच लिहावे असे आधी वाटले, छापलेला मजकूर म्हणून. मग नावाच्या रकान्यात १८८२ च्या सहीतले स्पेलिंग लिहिले आणि दगडावरचे खाली चरित्राच्या चौकटीत टाकले.

यांनी विचारले, दगडच चुकला कशावरून? मी १८८२ चे पान काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. शेवटच्या अक्षरापाशी टाक अडखळला आहे, शाईचा ठिपका पडला आहे, आणि अक्षर रकान्याच्या रेघेबाहेर गेले आहे. पण तिने ते पुरे केले आहे.